करडं मीठ

आमच्या घरात पांढऱ्या रंगाचं कुणाला कौतुक नव्हतं. पांढरं म्हणजे काम. थंडी पडायला लागली की खाडीकाठच्या आगरात मीठ धरायचं आणि पार वैशाखापर्यंत ते बाबांच्या अंगावरून घरात येत राहायचं. पंच्याच्या काठाला, टाचांच्या भेगांत, कानामागे, सायकलच्या हँडलवर. "ह्या घरात कालवनात मीठ टाकायची गरज न्हाय," आई म्हणायची, "ह्यो मानूस जवल येऊन बसला तरी पुरं." बाबा दाराशी पाय धुवायला बसत तेव्हा पहिला तांब्या ओतल्याबरोबर दात आवळून आत श्वास ओढत. आमची संध्याकाळ त्या आवाजाने सुरू व्हायची. मग आई खोबरेल कोमट करून आणायची आणि कापसाच्या बोळ्याने त्या भेगा भरायची. मी समोर पुस्तक उघडून बसलेली असायची आणि पायांकडे बघायची नाही. कॉलेजात माझ्या बाकावरच्या मुलींचे वडील मास्तर होते, एकीचे तर बँकेत. तुझे वडील काय करतात, असं कुणी विचारलं तर मी "शेती" म्हणायचे. आज पन्नाशीला टेकल्यावर हे लिहिताना लाज वाटते आहे, पण ही लाज आणि ती लाज एका जागची नाही.

जेवण साधं असायचं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीच्या तोंडाशी सापडलेले निवटे मासे, थंडीत चिंबोऱ्यांचं कालवण. आगरातून येताना बाबा पंच्यात काहीतरी बांधून आणायचेच, आणि ते काय आहे हे त्याच्या वळवळण्यावरून ओळखायचा आईचा खेळ होता. सकाळी वारा खाडीकडून असला की घरात बसून आगरातलं काम ऐकू यायचं. लांब दांड्याची लाकडी फळी मिठावरून ओढली की खर्र असा आवाज निघतो, मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा खर्र. आगरात राबणाऱ्या अठरा घरांच्या फळ्या, पण बाबांची आईला वेगळी कळायची. "आज दमला तुझा बापूस," ती भाकरी थापता थापता म्हणायची, आणि संध्याकाळी ते खरंच दमून यायचे.

आगर आमचं असं आम्ही म्हणायचो, पण ते आमचं नव्हतं. मालक मुंबईला राहायचे. वर्षातून एकदा लाँचने रेवसला उतरून जीपने यायचे, बांधावर उभे राहून शहाळ्याचं पाणी प्यायचे आणि परत जायचे. कागद सगळे त्यांच्याकडे. आमच्याकडे होते ते मीठ पिकवायचे वाफे. कुणाच्या आजाने कुठला बांध घातला हे ज्याला त्याला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर तीन पिढ्या गेल्या होत्या. आमच्या वाफ्यांना लागून गणूकाकांचे वाफे. ते आणि त्यांची बायको बायजाकाकी बाबांच्या सोबत राबायचे, दुपारी एकाच बाभळीखाली भाकऱ्या सोडायचे. घरंही आमची शेजारीच.

बाहेरच्या माणसाला सगळं मीठ सारखंच पांढरं दिसतं. बाबांच्या लेखी तसं नव्हतं. हंगामाचं पहिलं मीठ मातकट, गुलाबीसर. होळीनंतरचं सगळ्यांत स्वच्छ, त्याला किंचित निळी झाक. ढिगाच्या उन्हाकडच्या अंगाला पिवळं, सावलीकडच्या अंगाला जांभळट. सुट्टीत मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा ते ढिगात हात घालून मूठ माझ्यापुढे धरत. "सांग बाय, ह्ये कवाचं?" मी सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर असायचे. गणूकाका हसायचे. "पोरीला डोला हाय रे तुझ्या," म्हणायचे. त्या डोळ्याचं पुढे काय झालं तेच मला इथे सांगायचं आहे.

माझे धाकटे काका, हरीकाका, आगरात कधी टिकले नाहीत. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग न्हावा शेव्याला स्वतःचा ट्रेलर. ते आले की घरात गडबड व्हायची. मोठ्याने बोलत, अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि बाबांना सगळ्यांसमोर वाकून नमस्कार करत. त्यांच्यावर माझा जीव होता आणि त्याला कारणही होतं. बी.ए.चं दुसरं वर्ष संपलं तेव्हा आईने माझं लग्न जवळजवळ जमवलं होतं. हरीकाका मध्ये पडले. "वहिनी, हिची नजर शार्प हाय. दोन वर्सं कायतरी शिकू दे. मग लगीन कुठं पलून जातंय?" आणि दुसऱ्याच दिवशी मोटरसायकलवर बसवून मला पेणला घेऊन गेले, पाटकर सरांच्या फोटो स्टुडिओत. बाबा संध्याकाळी आईला म्हणाले, "हरी बोलला ता बरा झाला. मना बोलाला जमला नसता."

पाटकर सरांचा स्टुडिओ गणपतीच्या कारखान्यावर माडीला होता. खाली बारा महिने न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा असायच्या आणि जिना चढता चढता चपला पांढऱ्या व्हायच्या. सर पन्नाशीचे, एकटे, चहासुद्धा वर मागवून पिणारे. त्यांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यांचे डोळे अधू व्हायला लागले होते, म्हणून मी. लग्नाच्या फोटोंत फ्लॅशने पांढरं जळायचं. नवऱ्याचा सदरा, मुंडावळ्या, बापांच्या टोप्या, सगळं एकच कोरं भगदाड. सरांना त्याची मनस्वी चीड होती. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. खाली पाठवायचे. "त्या मूर्तींपुढे बस. पांढऱ्यात किती पांढरे दिसतात ते बघ आणि वर येऊन सांग." मी वर जाऊन सोंडेखालचा, पोटावरचा, कानाच्या पाळीचा असा एकेक सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे कुठे शिकलीस?" मीठ हा शब्द मला त्या माडीवर उच्चारायचा नव्हता.

मग त्यांनी सगळं शिकवलं. पडद्यावर फोटोच्या बाजूला डोंगरासारखा एक आलेख यायचा, त्याच्या पायथ्याशी तीन बारीक त्रिकोण, काळा, करडा आणि पांढरा. डोंगर उजव्या टोकाला कापल्यासारखा उभा राहिला असेल तर समज, पांढरं जळलं. ते ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही. पण थोडासा उतार शिल्लक असेल तर त्यात सगळं असतं, फक्त हळूहळू उजेड उतरवायला हवा. गजऱ्यातली कळी न कळी वेगळी व्हायला हवी. खाली आणखी एक पट्टी होती, तिच्या टोकाला आणखी एक पांढरा त्रिकोण. "याला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "हा डावीकडे ओढला की फोटोतलं कुठलंच पांढरं पांढरं राहत नाही. फोटो मरतो." आता फोनवर बोट फिरवलं की हे सगळं होतं आणि कुणाला त्याचं नावही माहीत नसतं. तेव्हा मला ती विद्या वाटली होती. वर्षभरात पेणमधले दोन दुसरे स्टुडिओवाले जळके फोटो सरांकडे पाठवायला लागले. सर म्हणायचे, "रंजनाकडे द्या." घरी जाताना मी एसटीच्या खिडकीत ताठ बसायचे.

त्याच सुमाराला गावात बोलणी सुरू झाली. मालकांना आगर विकायचं होतं, तिथे कंटेनर ठेवायचं यार्ड होणार होतं. आगर चालू आहे असं सरकारी पाहणीत ठरलं तर अठरा घरांना रिकाम्या हाताने घालवून चालणार नव्हतं. घरटी एक नोकरी आणि गावठाणाला लागून जागा, असं साहेब लोकांनी तोंडी कबूल केलं होतं. आगर पडीक ठरलं तर कुणाचा कुणाशी संबंध उरत नव्हता. बाबांना काळजी नव्हती. "आगर काय खिशात घालता येतंय? ज्याला बगायचं त्यानं यावं आन बगावं."

चैत्रात एक दिवस हरीकाका जीप घेऊन पेणला आले आणि सरांना कॅमेऱ्यासकट घेऊन गेले. सर परतले तेव्हा उन्हाने लालबुंद झाले होते. कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तुमच्याकडचंच आहे. करून ठेव."

पडद्यावर आमचं आगर उघडलं. भर दुपारी, माणसं बाभळीखाली नाहीतर घरी जेवायला गेलेली असताना काढलेले दहा फोटो. एकातही माणूस नव्हता. पांढरं जळायच्या बेताला आलं होतं, पण उतार शिल्लक होता. मी अर्धा दिवस बसले. ढिगांवरून हलक्या हाताने उजेड उतरवत गेले तसं एकेक दिसायला लागलं. फळीने ओढलेल्या रेघा. ढिगाच्या पायथ्याशी घरंगळलेले खडे. बांधावर पालथ्या घातलेल्या पाट्या. आणि एका वाफ्याच्या कडेने गेलेली पावलं, उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. बाबांची पावलं. मी सरांना हाक मारून दाखवलं, कुणाची ते मात्र सांगितलं नाही. सर पडद्याशी वाकले. "यापुढे मी तुला शिकवावं असं काही नाही," म्हणाले. एवढं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"अरे वा! मस्त केलंस गं. पन जरा भडक हाय. थोडा डाऊन कर."

मी केला.

"आजून."

"काका, आणखी खाली नेलं तर मीठ मळकट दिसेल."

"दिसू दे ना. आजून थोडा."

सर मागे उभे होते. "हरीशेठ, याच्या खाली गेलं की फोटो मरतो."

"मरू दे सर. फोटोच हाय ना, मानूस थोडीच हाय," काका हसले. पण सरांकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. "रंजना, तू बघ. तुमच्या घरचंच आहे. मी चहा पिऊन येतो." दोन वर्षांत ते चहा प्यायला खाली उतरलेले मी पाहिले नव्हते.

जिन्यावरचा आवाज बंद झाल्यावर काका माझ्याकडे झुकले. "दादाचे पाय बगतंस ना रोज? आजून किती वर्सं त्यानं त्या खाऱ्या पान्यात उभं ऱ्हावं? मालकाला ह्ये आगर चालू नको हाय. मना ट्रेलरचा ठेका कबूल केलाय, आन यार्डात पयली नोकरी दादाला. सोता बोललोय मी. बसून खुर्चीवरची नोकरी. सख्ख्या भावाचं वाईट करीन का मी?"

"आणि बाकीचे? गणूकाका?"

"बाकीच्यांचं बाकीचे बगतील."

मला माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. मला माहीत होतं. त्या फोटोंचं काय होणार हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. काकांचे उपकार आठवले हे खरं, बाबांचे पाय आठवले हेही खरं. पण त्याहून खरी एक गोष्ट होती. मला ते आगर नकोच होतं. ते नाहीसं झालं असतं तर कुणी विचारल्यावर "शेती" म्हणायची वेळ माझ्यावर आली नसती.

मी खालच्या पट्टीतला पांढरा त्रिकोण धरला आणि डावीकडे ओढला. मीठ आधी राखेसारखं झालं, मग खाडीच्या गाळासारखं. ढीग मातीचे झाले, जेसीबीने उपसून ओतल्यासारखे. रेघा गेल्या, खडे गेले, पावलं बुजली. "बस," काका म्हणाले. "आता जमला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठून गेले. उरलेले नऊ फोटो मी कुणी न सांगता केले. हे लिहून ठेवते, कारण हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. सर परत आले, छापून निघालेल्या फोटोंच्या पाठीवर न बघता स्टुडिओचे शिक्के मारले आणि पाकीट बंद केलं.

मीठ उचललं गेलं, पाऊस लागला, आगर दरवर्षीसारखं पाण्याखाली गेलं. सुनावणी लागली ती श्रावणात, गावच्या शाळेत. आईने आदल्या दिवशी वाल सोलून ठेवले होते; कामावरून येतील तेव्हा बिरडं गरम हवं, असं ती म्हणाली, जसं काही बाबा कामालाच चालले होते. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. मी रजा घेतली होती. का घेतली ते मला सांगता येणार नाही. जे होणार ते आपल्या डोळ्यांदेखत व्हावं असं वाटलं असेल.

शाळेच्या खोलीत मुलांचे बाक भिंतीला लावले होते. टेबलामागे सरकारी साहेब, शेजारी मालकांचे वकील, दाराशी हरीकाका, आणि अठरा घरांची माणसं खाली सतरंजीवर. वकिलांनी फोटो मांडले. साहेबांनी ते खाली बसलेल्यांकडे फिरवले आणि ते हातोहात जात शेवटी बाबांकडे आले. बाबांनी एक फोटो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो आपला बांध हाय, साहेब. ह्यो ढीग मीच घातलाय. पन ह्याला झालंय काय? मीठ कुठं गेलं?"

"मला यात मीठ दिसत नाही," साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते, नुसते कंटाळले होते. "गाळ दिसतोय."

"गाल न्हाय साहेब, मीठ हाय. चला, दावतो."

"आता तिथे पाणी आहे ना?"

"पावसात सगल्याच आगरात पानी असतं."

"म्हणूनच आम्ही उन्हाळ्यातले फोटो जोडलेत," वकील म्हणाले.

गणूकाका उठून काहीतरी ओरडले, दोघातिघांनी त्यांना खाली बसवलं. बाबांनी फोटो उलटा केला. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण तो शिक्का त्यांनी ओळखला. आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर तोच होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. संशय नव्हता तो. सुटका झाल्यासारखा आनंद होता.

"साहेब, ह्या दुकानात माझी पोरगी कामाला हाय! ती बगा, तिथं बसलीय. तिला इचारा. ती खोटं बोलनार न्हाय."

सगळी खोली माझ्याकडे वळली. बायजाकाकीने माझ्या पाठीला हात लावून मला उठवलं. "जा बाय, सांग," म्हणाली.

"हे फोटो तुमच्या स्टुडिओतले?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"यात काही बदल केलेत?"

हरीकाका माझ्याकडे बघत नव्हते. ते छपराकडे बघत होते, एखाद्या पाहुण्यासारखे. बाबा बघत होते.

"नेहमीचं करेक्शन केलंय," मी म्हणाले. "उन्हातल्या सगळ्याच फोटोंना करावं लागतं."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. बाबांनी फोटो टेबलावर नेऊन ठेवला, सरळ करून, दुसऱ्या फोटोंच्या कडेला कड लावून. मग सतरंजीवर येऊन बसले.

घरी येताना ते पुढे होते, छत्री घेऊन, मी मागे. घरी आल्यावर मला ओसरीवर सोडून ते पुन्हा बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने आले. आईने बिरडं वाढलं. बाबा जेवले. आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. त्यांनी ताट लाथाडलं असतं, मला एक मुस्काटात दिली असती, तर आज मी कदाचित वेगळं काहीतरी लिहीत असते.

मूळ फोटो मी सीडीवर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सर्वांत आधी जाऊन ते काढले, पहिल्यांदा केले होते तसे पुन्हा केले, खडे, रेघा, पाट्या, पावलं, सगळं, आणि छापून घरी आणले. बाबा मागच्या दारी बांबू चिरत बसले होते. मी फोटो त्यांच्यापुढे ठेवले. "बाबा, चला, आपण हे नेऊन देऊ. मी सांगते त्यांना."

त्यांनी हात पुसले आणि दहाही फोटो एकेक करून पाहिले. पावलांच्या फोटोवर जरा थांबले. मग गठ्ठा माझ्याकडे परत दिला.

"तवा तोंड व्हतं ना तुला?" एवढंच म्हणाले आणि कोयता उचलला.

मी एकटीच गेले. साहेबांच्या कचेरीतल्या कारकुनाने जुने फोटो काढून नव्यांच्या शेजारी ठेवले, दोन्हींच्या पाठी पाहिल्या. "हे पण तुमच्याच स्टुडिओचे, ते पण तुमच्याच. मग खरे कुठले, मॅडम?" मी समजावत राहिले, त्रिकोण, आलेख, उजेड. तो ऐकत होता आणि मला माझंच बोलणं पटेनासं झालं. जिने काल करडं केलं तिने आज पांढरं केलं. तिसऱ्या माणसाने काय मानावं? त्याने दोन्ही गठ्ठे फाइलला लावले. पाटकर सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तू माझ्या शिक्क्याची किंमत घालवलीस." मी म्हणाले, "सर, तुम्ही चहाला गेला होतात." त्यानंतर आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

आगर पडीक ठरलं. पुढच्या हंगामाआधी भराव पडला आणि फळ्यांच्या आवाजाच्या जागी ट्रेलरचे ब्रेक ऐकू यायला लागले. हरीकाकांनी शब्द पाळला, नोकरीचा कागद घेऊन स्वतः आले. बाबांनी तो घेतला नाही. भांडलेही नाहीत, भावाला चहा पाजून परत पाठवलं. मग खाडीपलीकडच्या एका आगरात ते कामाला जायला लागले, पहाटे सायकलवरून, एकटेच. गणूकाका आणि इतर पाचसहा जण दुसऱ्या बाजूच्या आगरात जायचे. बाबा त्यांच्यासोबत का जात नाहीत, असं मला वाटायचं, आणि उत्तरही मीच काढलं होतं, की माझा राग आहे, त्यांना कुणाचंच तोंड बघायचं नाही. मी पनवेलला आले, नोकरी धरली, लग्न केलं. सणाला जायचे. ते बोलायचे, पाऊसपाण्याचं, प्रकृतीचं. आई गेल्यावर तेवढंही कमी झालं. मी त्यांना आमच्याकडे या म्हणायचे. ते हो म्हणायचे आणि यायचे नाहीत.

बाबा गेले ते भातकापणीच्या दिवसांत. मयताला मोजकी माणसं होती. माझ्या सासरचे, हरीकाका आणि त्यांची मुलं, भावकीतले काही. हरीकाका लहान मुलासारखे रडले आणि ते रडणं खोटं नव्हतं, हेच मला सहन झालं नाही. आगरातल्या सतरा घरांतलं कुणी आलं नाही. कापणी आहे, माणसं शेतात असतील, असं मी धरून चालले.

तेराव्याला बायजाकाकी आली. गणूकाका दोन वर्षांपूर्वी गेले होते. ती खूप वाकली होती. पानावर बसवायला गेले तर नको म्हणाली आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसली.

"रंजे, मेल्या मानसाबद्दल वाईट बोलू नये. पन आमी तुझ्या बापाशी त्या दिसापासून बोललो न्हाय. तुला ठावं व्हतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"शालेतून आलो आन गनू भडकला. सगले निघाले तुमच्या घरी, तुला जाब इचारायला. तुझा बापूस वाटेतच आडवा आला. म्हनाला, पोरीला काय बोलू नका. मीच तिला गप ऱ्हा म्हनून सांगितलं. हरीनं मना नोकरी कबूल केलीय. तोंडावर बोलला, सगल्यांच्या. आमी म्हनलो, मंग शालेत तिचं नाव घेतलं ता नाटक व्हतं दोगांचं. नोकरी घेतली न्हाय, ती लाज वाटली आसंल. पन भावाला चा पाजताना बगितला ना आमी. त्याला कुनी कामाला संगती घेतला न्हाय मंग. चापान्याला बोलावला न्हाय."

आत भांडी वाजत होती. कुणीतरी मला हाक मारत होतं.

"काकी," मी म्हणाले, "बाबांनी मला काही सांगितलं नव्हतं. ते शाळेत साहेबांसमोर बोलले तेच खरं. ते फोटो मी केले होते. आणि गप्प पण मीच बसले."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे आधीच अधू, त्यात पाणी आलेलं. मी वाट बघत होते की ती मला काहीतरी बोलेल, निदान आता तरी कुणीतरी बोलेल.

"गनू मेला तवा तुझा बापूस खांदा द्यायला आला व्हता," ती म्हणाली. "भर उनात दारात उभा व्हता, टोपी हातात घेऊन. मीच त्याला हात लावू दिला न्हाय. मंग आता ता मी कुनाला सांगू?"

ती भिंतीला धरून उठली आणि न जेवता गेली.